चव रजिस्टर आणि एक बकरा

एक इंग्रजी शब्द मी एकवीस वर्षं अर्धवट शिकवला. चुकीचा शिकवला असं म्हणत नाही, कारण गाइडात तोच अर्थ छापलेला असायचा आणि परीक्षेत त्याच अर्थाला मार्क मिळायचे. शब्द होता स्केपगोट. मी तो फळ्यावर लिहायचे, शेजारी 'बळीचा बकरा' असं लिहायचे, पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि मी पुढच्या शब्दाकडे वळायचे.

हे मी कबुली म्हणून लिहीत नाही. कबुली केव्हाच देऊन झाली, ती शिक्क्यासकट सरकारी फायलीत पडली आहे. पण 'मॅडम, झालं गेलं, आता कशाला उकरून काढता?' असं मला इतक्या जणांनी समजावलं, की आता मी मुद्दाम उकरणार आहे.

आमची शाळा कळमनुरीच्या पलीकडे, नांदेडचा मोठा रस्ता सोडून आत. जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. मी हिंगोलीहून बसनं येते-जाते आणि सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. त्या वर्षी आठवीत एक मुलगी होती, खिडकीजवळ बसणारी, दोन वेण्यांपैकी एक नेहमी सुटलेली. धड्यात तो शब्द आला, मी सवयीनं अर्थ लिहिला, तर ही उभी.

"म्याडम, गोट म्हंजे बकरं. मंग स्केप म्हंजे काय?"

"एस्केपमधलं स्केप. सुटून जाणं."

"सुटून गेलं तर मंग बळी काहून?"

वर्ग हसला. मला राग पटकन येतो, आणि उत्तर माहीत नसलं की जास्तच पटकन येतो. "गाइडात दिलंय तेवढं लिही," म्हणून मी तिला बसवलं. ती बसली. पण परतीच्या बसमध्ये सगळी वाट तो बकरा माझ्या डोक्यातून हलेना. पोरीचं बरोबर होतं. सुटलेला बकरा कापला कसा जाईल?

घरी आल्यावर मोबाइलवर शोधलं, दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या वाचनालयातला जाडजूड कोश उघडला. तेव्हा कळलं ते असं. जुने यहुदी लोक वर्षातून एका दिवशी दोन बकरे आणत. चिठ्ठ्या टाकून ठरवत, कुठला कोणाचा. एक देवासाठी कापत. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य पुजारी आपले दोन्ही हात ठेवी आणि सगळ्या लोकांची वर्षभराची पापं मोठ्यानं बोलून दाखवी. मग तो बकरा रानात नेऊन सोडून देत. पाचेकशे वर्षांपूर्वी हे सगळं इंग्रजीत उतरवणारा एक भाषांतरकार त्या बकऱ्याच्या मूळ नावापाशी अडला. ते नाव म्हणजे रानातल्या भुताचं नाव की एखाद्या कड्याचं, यावर पंडित अजून भांडतात. त्यानं आपला अर्थ लावला, 'सुटून जाणारा बकरा', आणि दोन साधे शब्द एकमेकांना जोडून टाकले. दुसऱ्याच्या चुकीचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं तो, हा आजचा अर्थ त्या शब्दाला चिकटायला आणखी तीनेकशे वर्षं गेली.

म्हणजे बळी गेला तो दुसरा बकरा होता, आणि आमच्या गाइडानं दोन्ही बकऱ्यांची मिसळ केली होती.

मला ते वाचून माझं माहेर आठवलं. शिरड शहापूरच्या बाजूचं गाव. मी लहान असताना गावात जनावरांचा रोग आला, की मरीआईचा गाडा काढत. हातभर लाकडाचा गाडा, त्यात हिरव्या खणातली आई, लिंबाचा डहाळा, नारळ. वाजतगाजत तो गावाच्या शिवेवर न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत ठेवून मागं न पाहता परत यायचं. पलीकडचे लोक दुसऱ्या दिवशी तोच गाडा त्यांच्या पुढच्या शिवेवर नेऊन ठेवत. मी वडिलांना विचारलं होतं, शेवटच्या गावानं काय करायचं? ते म्हणाले, "आपल्या शिवेबाहेर गेला की आपलं झालं." वडील माझे सज्जन माणूस. पण हे वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

वर्गात मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, बकऱ्याची आणि गाड्याची. गाडा पोरांना ठाऊकच होता. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "म्हंजे बकऱ्यानं काही केलं न्हाई, हे हात ठिवणाऱ्याला ठाऊक व्हतं?"

"हो. पापं आपली आहेत असं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा."

"मंग बरं व्हतं की ते लोक."

मी हसले. पंधरा दिवसांनी मला त्या वाक्याचं हसू येणार नव्हतं.

आमच्या शाळेत दुपारची खिचडी एक बाई शिजवायच्या. पोरं त्यांना मावशी म्हणत, म्हणून आम्हीही मावशीच म्हणत असू. पन्नाशीच्या आतल्या, नवरा वारलेला, एक लेक कळमनुरीला बारावीत. बोलणं तोंडावर, हात स्वच्छ. तांदूळ तीनदा धुतल्याशिवाय पातेल्यात टाकायच्या नाहीत आणि वाढताना कोणाच्या ताटात कमी पडलं ते बघून ठेवायच्या.

आता चव रजिस्टर म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. नियम असा, की पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं शिजलेलं अन्न स्वतः खाऊन पाहायचं आणि वहीत चव कशी आहे ते लिहून सही करायची. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. खरं सांगायचं तर खाऊन कोणीच पाहत नव्हतं. वही स्टाफरूममध्ये फिरायची, ज्याची पाळी तो 'चव उत्तम' लिहून सही ठोकायचा. कधी कधी खिचडी चुलीवर चढायच्या आधीच तिची चव उत्तम असायची. दुसरा नियम, रोजच्या अन्नाचा नमुना एका डब्यात झाकून ठेवायचा. त्या डब्यात आमच्याकडे खडू होते.

त्या दिवशी पाळी माझी होती, आणि त्या दिवशी संकष्टी होती.

सकाळी अकराच्या सुमारास मावशी वर्गाच्या दाराशी आल्या. हातात सुपात डाळ. "बाई, जरा पाहता का? डाळीला वास येऊन राहिला. गोळ्यासारखा."

आमच्या भागात गोळ्या म्हटलं की सांगावं लागत नाही. हळदीला भाव नसला की लोक पोती महिनोन् महिने साठवून ठेवतात आणि किडे लागू नयेत म्हणून थप्पीत विषारी गोळ्या टाकतात. तो वास ज्याच्या घरी हळद आहे त्याला झोपेतही ओळखता येतो. मी सूप हातात घेऊन नाकाशी नेलं असतं, तर मलाही ओळखता आला असता.

मी नेलं नाही. माझा उपास होता, आणि आमच्या घरातली शिकवण अशी, की वास घेतला की अर्धं जेवण झालं. मी दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "मावशी, माझी चतुर्थी आहे. निवडून, धुऊन घ्या चांगली. शिजल्यावर जातो वास."

"टाकू मंग?"

"टाका."

एवढंच. चंद्र उगवेपर्यंत उपास अखंड राहावा म्हणून मी एक वाक्य बोलले, आणि मधल्या सुट्टीआधी वहीत लिहिलं, 'चव उत्तम.' सही केली, खाली रेघ ओढली. माझी सही फार वळणदार आहे, सगळे वाखाणतात.

दुपारी दोनच्या पुढं पोरं ओकायला लागली. आधी पाचवीतली दोन, मग सगळीकडून. गावातली जीप, कोणाची मोटारसायकल, मिळेल त्यावर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. मी एका पोराला मांडीवर घेऊन बसले होते, त्याच्या ओकारीनं माझं पातळ भिजलं होतं, आणि डोक्यात एकच, देवा, कोणाला काही होऊ देऊ नको. देवानं ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळी पोरं सावरली, चहा-बिस्किटं खात घरी आली. ती सुखरूप आली म्हणूनच आज मी ताठ मानेनं हे लिहू शकते. एखादं पोर गेलं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

मावशींकडं मात्र कोणी चहा नेला नाही. त्यांची पातेली लोकांनी अंगणात फेकली. कोणी म्हणालं हात घाण, कोणी म्हणालं मुद्दाम केलं, कोणी म्हणालं ती बाईच अपशकुनी. पिठाच्या गिरणीवर त्यांचं दळण बाजूला ठेवलं गेलं. लेक कळमनुरीहून बसनं आली, तर बसमधल्या बायांनी तिच्याकडं बघून पदर तोंडाला लावले. शाळेनं दुसऱ्या दिवसापासून मावशींना येऊ नका म्हणून तोंडी कळवलं. कागद नाही, काही नाही.

आणि त्याच दुसऱ्या दिवशी शाळेची सामानाची खोली झाडून, पुसून, फिनेल टाकून लख्ख झाली होती. आदल्या दिवशीपर्यंत तिथं शाळेच्या तांदूळ-डाळीच्या पोत्यांना लागून हळदीची थप्पी होती. ती शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची. त्यांच्या घरी जागा नव्हती, मुख्याध्यापकांना नाही म्हणवलं नाही. ही थप्पी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. आता ती नव्हती, आणि ती होती असं कोणी म्हणत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. समोर अध्यक्ष बसलेले. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, पोलिसाची टोपी दिसली तरी घाम फुटणारा. ते म्हणाले, "मॅडम, तालुक्याला अहवाल पाठवायचाय. तुमचं अक्षर चांगलं, ड्राफ्टिंग चांगलं. तुम्ही लिहा, आम्ही सगळे सह्या करतो."

"काय लिहू?"

त्यांनी चष्मा पुसला. "जे आहे तेच. तुम्ही चव घेतली, तेव्हा अन्न उत्तम होतं, तशी नोंद आहे. म्हणजे त्यानंतर स्वयंपाकी बाईंच्या हातून निष्काळजीपणा झाला. तुमची सही आहे म्हणून आपण सगळे वाचलो बघा."

अध्यक्ष म्हणाले, "व्हय म्याडम. सही लई कामाची निघाली."

मी ती वही पाहिली. माझंच अक्षर, माझीच रेघ. मला तोपर्यंत वाटत होतं की आपण फार तर आळशीपणा केला. सगळेच करतात तो. तिथं उभं राहून पहिल्यांदा कळलं, की माझ्या त्या दोन शब्दांच्या थापेवर एका बाईला उभं करून ढकलून देणार आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर फाशीचा दोर माझ्या हातचा होता.

आणि तेव्हा मला ती खिडकीजवळची मुलगी आठवली. तो पुजारी बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवताना आपली पापं आपली म्हणून बोलायचा. बकऱ्यानं केलं असं म्हणायची त्याची हिंमत नव्हती. ती हिंमत आम्ही सुशिक्षितांनी कमावली.

"मी लिहिते," मी म्हणाले, "पण मी चव घेतली नव्हती हे लिहिते."

मुख्याध्यापक दचकले. "म्हणजे?"

"माझा उपास होता. मी खाल्लं नाही, वाससुद्धा घेतला नाही. मावशी सकाळी डाळ दाखवायला आल्या होत्या. वास येतोय म्हणाल्या होत्या. मीच म्हटलं, टाका."

"मॅडम, हळू बोला."

"का हळू? गेले तीन दिवस सगळे हळूच बोलतायत."

अध्यक्ष खुर्चीत पुढं सरकले. "म्याडम, तुमची एकवीस वर्सं नोकरी झाली. ती बाई आज हितं, उद्या दुसरीकडं कामाला जाईल. तिला काय फरक पडतो?"

आयुष्यात मी फार कमी वेळा इतकी चिडले असेन. "तिला फरक पडत नाही, हे तिला विचारलं का?" म्हटलं, आणि तिथंच टेबलावर बसून पानभर लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते हातात घेतलं नाही. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो," म्हणाले. माझ्या भल्याची काळजी असणारी माणसं त्या आठवड्यात फार वाढली होती.

मी तो कागद घेऊन बसनं तालुक्याला गेले. आवक-जावक टेबलावरच्या कारकुनानं वाचला, पुन्हा वाचला, मग माझ्याकडं वर पाहिलं.

"म्याडम, हे तर तुमच्याच विरुद्ध हाय."

"हो. शिक्का मारा आणि पोच द्या."

पोच पर्समध्ये ठेवून मी सरळ मावशींच्या घरी गेले. मला वाटलं होतं, ही बाई रडेल, माझा हात धरेल. कोणी म्हणो न म्हणो, मनात आपण स्वतःचा सत्कार उरकूनच घेतलेला असतो. मावशी ओसरीवर उडीद निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं, सगळं लिहून दिलं.

"कोनाला?"

"तालुक्याला."

"तालुक्याला मला कोन वळखतं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला वाईट म्हनलं गावानं. मह्या लेकीला बघून पदर लावले ते हितल्या बायायनं. तुमी कागद तिकडं देल्ला. ज्यायनं म्हनलं त्यायच्या पुढं बोला की."

मी उलट विचारलं, "मावशी, तुम्ही वास दाखवायला आला होता, हे तुम्ही का सांगितलं नाही कोणाला?"

"आन् तुमी न्हाई म्हनल्या असत्या तर? वहीवर तुमची सही व्हती. मही कोनती सही?"

त्या ओसरीवरून मी तशीच उतरले. कारण मला स्वतःलाच खात्री नव्हती. पहिल्या दिवशी, घाबरलेली असताना, त्यांनी माझं नाव घेतलं असतं, तर मी नाही म्हणाले असते का? कदाचित म्हणाले असते. हे लिहायला मला आजही जड जातं, पण लिहिते.

पुढं कागदावर काय झालं ते थोडक्यात सांगून टाकते. चौकशी झाली. माझी एक वेतनवाढ रोखली गेली, ती रास्तच होती. मावशी पुन्हा कामावर आल्या आणि अजून त्यांच्याच हातची खिचडी शिजते. सामानाच्या खोलीत आता फक्त शाळेचं सामान असतं. पण हे सगळं कागदावरचं. खरं काय ते घडलं ग्रामसभेत, आणि त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

मी गावची नव्हे, तरी बोलायची परवानगी मागितली. दुपारची वेळ, मारुतीच्या पारासमोर लोक जमलेले, नेहमीपेक्षा जास्त. बाया एका बाजूला, मावशी त्यांच्यापासूनही चार हात दूर, एकट्या. माइक मधूनच किंचाळत होता. मी तो बाजूला सारला. वर्गात शिकवणाऱ्या बाईला माइक लागत नाही.

मी सगळं सांगितलं. वास, सूप, चतुर्थी, खोटी सही. "मावशींनी विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. त्यांचा हात स्वच्छ आहे. माझा नव्हता." एवढं बोलून मी थांबले.

खरं तर तिथं थांबायला नको होतं. हळदीच्या थप्पीबद्दल मी काही बोलले नाही. तालुक्याला दिलेल्या कागदातही लिहिलं नव्हतं. स्वतःच्या चुकीबद्दल बोलायला धीर लागतो हे खरं, पण समोर बसलेल्या अध्यक्षांच्या पोत्यांबद्दल बोलायला त्याच्यापेक्षा मोठी छाती लागते, आणि ती माझी त्या दिवशी झाली नाही. मी स्वतःची समजूत घातली होती, की गोळ्या टाकताना मी डोळ्यांनी कुठं पाहिलंय?

आधी कुजबुज, मग आवाज. "शिकलेली बाई असं करती?" "लेकरं मेली असती तर?" "उपास म्हने!" हे मला ऐकून घ्यायचंच होतं. मग अध्यक्ष उठले. दोन्ही हात जोडले, आवाज अगदी गोड.

"म्याडमनं कबूल केलं. मोठ्या मनाच्या हायेत. आता तंटा कशाला वाढवायचा? मावशीला उद्यापासून कामावर घेऊ. म्याडमची बदली मागू. लेकरायची तकलीफ मिटली, गावाची मिटली. बराबर हाय का न्हाई?"

"बराबर!" सगळे म्हणाले. बायाही म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास टाकला, मला दिसला. गावाला पाहिजे होतं ते मिळालं होतं. चार दिवस एकीच्या डोक्यावर होतं ते उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवायचं, आणि ही तर परगावची, बसनं येणारी, बसनं गेली की शिवेबाहेर. मला राग आला, आणि खरं सांगते, थोडं हलकंही वाटलं. एकदाचं संपतंय असं वाटलं. मी खाली बसले.

"म्या बोलते."

मावशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, हात कमरेवर, खिचडीसाठी रांग मोडणाऱ्या पोरांसमोर उभ्या राहतात तशा.

"तुमाला काम भेटलं की मावशी," अध्यक्ष हसून म्हणाले. "बसा आता."

"काम पायजे मला. न्हाई असं न्हाई," मावशी म्हणाल्या. "पन असं नको. म्याडमची चूक हाय. तिनं सांगितली, उशिरा सांगितली, पन सांगितली. मह्यावर सगळं टाकलं तवा ते खोटं व्हतं. आता हिच्यावर सगळं टाकून राहिले, तेबी खोटंच हाय. म्या रोज ती खोली झाडली. डाळीच्या पोत्याला लावून हळदीची थप्पी कोनी लावली? तिच्यात गोळ्या कोनी टाकल्या? शाळेच्या खोलीची चावी कोनापाशी व्हती?"

मागून एका म्हाताऱ्यानं आवाज दिला, "खाली बस, बाई."

"बसत न्हाई."

मी उठले आणि मावशींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. एवढ्या दिवसांत केलेलं तेच एक काम मला पुरेसं वाटतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या समोर बघत होत्या, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक बसलेल्या खुर्च्यांकडं.

शेवटी मुख्याध्यापक उठले. आवाज बारीक, पण ऐकू आला. "चावी माझ्यापाशी होती. खोली मी उघडून दिली. मला नाही म्हणता आलं नाही."

लोकांनी माना वळवून अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते.

मुख्याध्यापक आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. मी मावशींना हळूच म्हटलं, "बसायचं का आता?"

"एक राहिला," मावशी म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.